पंचायतीचा कॉम्प्युटर लिनक्सवर न्यायचाय? आधी अक्षरं सोडवून घ्या

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला आणि तेव्हापासून मला आमच्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर भागातल्या पंचायती, सोसायट्या, वाचनालयं यांचे फोन यायला लागले, सगळ्यांचं दुखणं एकच, मशीन चांगलं चालतंय खरं विंडोज ११ घेत नाही म्हणतंय. ते घेणार पण नाही, कारण विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर असंल तर साधारण आठव्या पिढीचा किंवा त्याच्या पुढचा लागतो, आणि आपल्याकडं २०१५-१६ ला घेतलेली मशीनं अजून धडधाकट आहेत. ती भंगारात घालायची काही गरज नाही. लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी फुकटची ऑपरेटिंग सिस्टीम, टाकलं की आणखी पाचसात वर्षं आरामात चालतात, ४ जीबी रॅम असली तरी बस्स, फक्त हार्ड डिस्क काढून एसएसडी, म्हणजे नव्या प्रकारची जलद डिस्क, बसवा, सगळ्यात जास्त फरक त्यानंच पडतो.

खरं लगेच पेनड्राइव्ह घेऊन बसू नका. मी पहिल्यांदा तेच केलं होतं, एका गावातल्या सोसायटीत शनिवारी जाऊन दोन मशीनवर लिनक्स टाकून आलो, सोमवारी सकाळी तिथल्या अक्कांचा फोन, "दादा, सभासदांची यादी उघडली तर सगळी इंग्रजी अक्षरं दिसालेत, नावंच गेली की!" चार दिवसांत परत विंडोज टाकून द्यावं लागलं, आणि त्या अक्कांचा जो विश्वास उडाला तो परत मिळवायला वर्ष गेलं. तेव्हापासून मी क्रम बदललाय. आधी फायली, मग ऑफिसचं सॉफ्टवेअर, मग टायपिंग, आणि विंडोज सगळ्यात शेवटी.

हा क्रम काही माझा शोध नाही. फ्रान्सच्या जांदार्मरी पोलिसांनी असंच केलं, २००५ ला एमएस ऑफिसच्या जागी ओपनऑफिस आणलं, मग इंटरनेटला फायरफॉक्स आणि ईमेलला थंडरबर्ड, आणि माणसांना त्याची सवय झाल्यावर २००८ पासून उबुंटू नावाचं लिनक्स, आता कुठल्या सिस्टीमवर काम चाललंय हा प्रश्नच छोटा झाला कारण रोजचे प्रोग्राम तेच राहिले. जर्मनीत म्युनिक महापालिकेनं २००३ ला ठरवून २०१३ पर्यंत साधारण १५ हजार मशीनं लिनक्सवर नेली आणि तरीही २०१७ ला तिथल्या नगरसेवकांनी परत विंडोजकडं जायचा ठराव केला. म्हणजे मशीन बदललं म्हणून काम झालं असं नसतं, वरची माणसं बदलली की सगळं उलटू शकतं. म्हणून पहिला कागद परवानगीचा.

पीडीओ साहेबांची (पंचायतीच्या विकास अधिकाऱ्यांची) लेखी परवानगी घ्या, सोसायटी असंल तर संचालक मंडळाचा ठराव घ्या, आणि मशीन वरच्या खात्यानं दिलेलं असंल किंवा वॉरंटीत, एएमसीत (वार्षिक देखभालीच्या करारात) असंल तर त्यांना विचारल्याशिवाय हात लावू नका. कुणी म्हटलं सरकारी कामात हे फुकटचं सॉफ्टवेअर चालतं काय, तर सांगा की केंद्र सरकारनं २०१५ ला ओपन सोर्सचं, म्हणजे ज्याचा आतला कोड सगळ्यांना खुला असतो अशा सॉफ्टवेअरचं, धोरण काढलंय, त्यात ओपन सोर्सला पहिली पसंती द्यायची आणि सप्लायरनं ते वगळलं तर कारण द्यायचं असं लिहिलंय. ते केंद्राच्या खात्यांना लागू आहे आणि जी राज्यं स्वीकारतील त्यांना, त्यामुळं त्याच्या जोरावर भांडायला जाऊ नका, माहिती म्हणून सांगा. सी-डॅक या सरकारी संस्थेनं बनवलेलं बॉस नावाचं आपलं भारतीय लिनक्स २००७ पासून आहे आणि केरळच्या सरकारी शाळा कितीतरी वर्षं लिनक्सवरच शिकवतात हे पण सांगा, केरळचं उदाहरण आपल्या लोकांना लवकर पटतं असा माझा अनुभव आहे.

आता मूळ मुद्दा, फायली. आपल्या सीमाभागात हे प्रकरण दुप्पट आहे कारण इथं एकाच कपाटात कन्नड आणि मराठी दोन्ही. कन्नड फायली नुडी या सॉफ्टवेअरच्या फॉन्टमध्ये, मराठी श्रीलिपी नायतर शिवाजी फॉन्टमध्ये, आणि २०१० च्या अलीकडच्या काही युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला स्वतःचा ठरलेला नंबर असलेल्या, सगळीकडं चालणाऱ्या पद्धतीत. जुन्या फॉन्टची गोम अशी की कॉम्प्युटरच्या लेखी ती फाइल मराठी किंवा कन्नड नसतेच, आत साठवलेली असतात इंग्रजीची अक्षरं आणि चिन्हं, फॉन्ट फक्त त्यांच्यावर आपल्या अक्षराचं चित्र चढवतो. फॉन्ट गेला की चित्र गेलं. म्हणून त्या अक्कांना नावं दिसेनात. आणि म्हणूनच त्या फायलीत "पाटील" शोधलं तर सापडत नाही, यादी अकारविल्हे लागत नाही, मोबाइलवर पाठवली तर समोरच्याला कचरा दिसतो. विंडोज ठेवलं तरी हा त्रास आहेच. त्यामुळं तुम्ही लिनक्सवर गेला नाही तरी एवढं काम करूनच ठेवा, आपल्या गावच्या नोंदी एका कंपनीच्या फॉन्टमध्ये अडकून राहाव्यात हे मला अजिबात पटत नाही.

तर करायचं असं. सगळ्या फायलींची एक कॉपी बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि तिला परत हात लावू नका. दुसरी कॉपी दुसऱ्या इमारतीत ठेवा, जांबोटी-कणकुंबीकडचा पाऊस ज्यांनी बघितलाय त्यांना का ते सांगायला नको, भिंतीला ओल येते, लाइट दिवसदिवस नसते. मग विंडोज आहे तोवरच, जुने फॉन्ट आहेत तोवरच, महत्त्वाच्या फायलींची पीडीएफ करून ठेवा, पुढं काही बिघडलं तर मूळ कसं दिसत होतं ते बघायला. त्यानंतर युनिकोडमध्ये बदलायला घ्या. नुडीचा मजकूर बदलणारी टूल्स मिळतात, श्रीलिपी आणि शिवाजीची पण मिळतात, खरं एक हात जोडून सांगणं आहे, लोकांची नावं, आधार, घरपट्टीची बाकी असलेल्या याद्या कुठल्याही वेबसाइटवर चिकटवून बदलू नका, आपल्या मशीनवर चालणारं टूलच वापरा. लोकांनी ती माहिती पंचायतीला दिलीय, त्या वेबसाइटला नाही.

बदलून झाल्यावर डोळ्यांनी वाचायचं. सगळी फाइल वाचणं होत नाही, म्हणून ठरलेल्या जागा बघा. रफार बरोबर अक्षरावर बसलाय का, "वर्षा" आणि "कुर्डे" सारखी नावं शोधून बघा. ऱ्हस्व वेलांटी एक अक्षर पुढंमागं होते. "ऱ्या", "ऱ्हा" हे तर हमखास फुटतात, "शेतकऱ्यांची यादी" हेच शब्द बघा म्हणजे कळतंय. ळ आणि ल ची गल्लत बघा. आणि सगळ्यात घातक म्हणजे मिसळलेली फाइल, एका ओळीत मराठी नाव आणि पुढं इंग्रजी खातं नंबर किंवा आयएफएससी कोड, साधं टूल इंग्रजीला पण मराठी समजून बदलून टाकतंय. म्हणून एक्सेलमध्ये सगळी शीट न घेता फक्त नावाचा कॉलम बदला, आकड्यांच्या कॉलमला हात लावू नका, आणि आधीची बेरीज आणि नंतरची बेरीज जुळवून घ्या. आमच्या इथं तीनशे घरांच्या यादीला दोन माणसांचे दोन दिवस गेले, एक वाचायचा आणि दुसरा जुन्या प्रिंटवर टिक मारायचा. वेळ जातो, खरं एकदाच जातो.

फायली झाल्या की विंडोजवरच लिबरऑफिस (एमएस ऑफिससारखंच, खरं फुकटचं सॉफ्टवेअर) टाका आणि दोन-तीन महिने तसंच काम चालू द्या. जुनं एमएस ऑफिस लगेच काढू नका, फक्त नवीन काम लिबरऑफिसमध्ये करायचं असं ठरवा. ओडीटी, ओडीएस हे त्याचे स्वतःचे फॉरमॅट २००६ पासून आयएसओ स्टँडर्ड आहेत, ऑफिसातली मूळ प्रत त्यात ठेवा, बाहेर पाठवताना पीडीएफ, आणि तालुक्याहून वर्डची डॉकएक्स मागितली तरच डॉकएक्स. एक्सेलचे साधे फॉर्म्युले चालतात, मॅक्रो (फायलीत घातलेले छोटे प्रोग्राम) मात्र सगळे चालत नाहीत, कुणी हुशार माणसानं पगारपत्रकाला मॅक्रो करून दिला असंल तर ते आधीच तपासा.

इथं दोन भाषावाल्या ऑफिसांसाठी एक गोष्ट सांगतो जी मला कुणी सांगितली नव्हती. लिबरऑफिसमध्ये मराठी आणि कन्नड दोन्ही एकाच गटात येतात, कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट म्हणतात त्याला, आणि एका स्टाइलला त्या गटाचा एकच फॉन्ट लावता येतो. म्हणून तुम्ही मराठी फॉन्ट लावला की कन्नड ओळ कुठल्यातरी भलत्याच फॉन्टमध्ये लहानमोठी दिसते आणि लोक म्हणतात हे सॉफ्टवेअर बेकार आहे. उपाय सोपा आहे, दोन पॅराग्राफ स्टाइल करा, एक "मराठी" एक "कन्नड", पहिलीला नोटो किंवा लोहित देवनागरी, दुसरीला नोटो किंवा लोहित कन्नड, भाषा पण तिथंच सेट करा, आणि पंचायतीचं लेटरहेड त्यातच टेम्प्लेट करून ठेवा. वर कन्नड मायना, खाली मराठी नोटीस, दोन्ही नीट दिसतंय. इंग्रजीला टाइम्स न्यू रोमन आणि एरियलच्या जागी लिबरेशन फॉन्ट वापरले तर ओळी सरकत नाहीत, कॅलिब्रीच्या जागी कार्लिटो.

टायपिंगवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो. आमच्या एका पंचायतीतले क्लार्क मामा टाइपरायटरवर शिकलेले, बोटं रेमिंग्टनची, म्हणजे टाइपरायटरच्या कीबोर्डची, त्यांना कुणी इनस्क्रिप्ट हा सरकारी कीबोर्ड लेआउट शिका म्हटलं तर रिटायरमेंटला दोन वर्षं राहिलेला माणूस का शिकंल? आणि कन्नड टाइप करणाऱ्या पोरींची बोटं नुडीची. लिनक्सवर आयबस आणि एम१७एन हे दोन पॅकेज टाकले की रेमिंग्टन मिळतं, नुडीचा केजीपी लेआउट मिळतो, मराठीला उच्चाराप्रमाणं टाइप करायचे फोनेटिक, गमभन असे पण मिळतात. ज्याची बोटं जशी त्याला तो लेआउट द्या आणि भाषा बदलायचं बटण सगळ्या मशीनवर एकच ठेवा. एक सवय मात्र मोडावी लागते, जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप करायची, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवली जाते, लेआउटप्रमाणं हे वेगळं वागतंय, म्हणून मामांना बाजूला बसवून त्यांच्याच हातनं एक पूर्ण दाखला टाइप करून घ्या, तुम्ही करून दाखवू नका.

मग येतो पेनड्राइव्ह. लिनक्सचे बरेच प्रकार आहेत, मी त्यातलं लिनक्स मिंट टाकतो, दिसायला विंडोजच्या जवळचं आहे आणि एकेका व्हर्जनला पाच वर्षं अपडेट मिळतात. जुन्या मशीनला त्याचा एक्सएफसीई नावाचा हलका प्रकार घ्या. आधी इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरूनच चालू करा आणि एक पूर्ण दिवस त्या ऑफिसात बसून खरं काम करून बघा. पंचतंत्र, ई-स्वत्तू, भूमी या कर्नाटक सरकारच्या साइट, जे जे तुमच्याकडं रोज उघडतंय ते फायरफॉक्स आणि क्रोमियम दोन्हीत उघडा, लॉगिन करा, एक उतारा प्रिंट काढा. नुसतं पान उघडलं म्हणजे चाललं असं समजू नका, शेवटच्या प्रिंटपर्यंत जा.

प्रिंटरचं आधीच बघून घ्या. एचपीचे बहुतेक एचपीलिप नावाच्या ड्रायव्हरवर चालतात. कॅननचा एलबीपी २९०० मात्र, जो आपल्याकडं गल्लोगल्ली आहे, त्याला कॅप्ट नावाचा वेगळा ड्रायव्हर लागतो आणि तो नव्या लिनक्सवर बसवणं किचकट आहे, वेळ नसंल तर तो विंडोजच्या मशीनला ठेवा.

विंडोजचं मशीन एक ठेवायचंच आहे, मुख्य कारण डिजिटल सही. सहीच्या टोकनच्या (यूएसबीत लावायच्या किल्लीच्या) काही कंपन्या लिनक्सचा ड्रायव्हर देतात, खरं सही घेणाऱ्या साइटचं स्वतःचं जे छोटं सॉफ्टवेअर असतं ते लिनक्सवर चालंल याची खात्री धरू नका. हिशोबाचं टॅली असंल तर ते पण त्याच मशीनवर. एका ऑफिसात चार मशीनं असतील तर तीन लिनक्स, एक विंडोज, यात कमीपणा काही नाही. एकाच मशीनवर दोन्ही टाकून देऊ नका, घाईच्या वेळी माणूस सवयीचंच उघडणार आणि लिनक्स कधी शिकणारच नाही.

इन्स्टॉल करताना जुनी हार्ड डिस्क पुसू नका. ती काढून घ्या, वर मशीनचा नंबर आणि तारीख मार्करनं लिहा, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवा, आणि नव्या एसएसडीवर लिनक्स टाका. काही अडलं तर दहा मिनिटांत जुनी डिस्क लावून पूर्वीसारखं काम चालू होतंय, आणि हे कर्मचाऱ्यांना आधीच दाखवून ठेवा, परत जायची वाट उघडी आहे म्हटल्यावर माणसं निवांत शिकतात.

तारीख निवडताना मार्च टाळा, वसुली आणि हिशोबाची घाई असते, गणपतीच्या आठवड्यात तर नकोच. पहिला आठवडा तुम्ही स्वतः किंवा गावातलं एखादं शिकलेलं पोरगं तिथं हजर पाहिजे, फोनवर "राइट क्लिक करा" सांगून भागत नाही. एक वही ठेवा, अडचण आली की तारीख घालून मराठीत नायतर कन्नडमध्ये लिहायची आणि खाली उपाय, म्हणजे ऑपरेटरची बदली झाली तरी नवीन माणसाला वही मिळते. आणि ती पिशवीतली जुनी डिस्क, निदान त्या वर्षाचं ऑडिट पूर्ण होईस्तोवर कुणी कितीही म्हटलं तरी दुसऱ्या कामाला देऊ नका.