जुन्या आरसीसी इमारतीची तपासणी: नुसत्या हॅमरच्या आकड्यावर जाऊ नका

मरीन ड्राइव्ह किंवा ओव्हल मैदानासमोरची १९३०च्या दशकातली इमारत तपासायची, तर आधी कागद बघा: मूळ नकाशे, जुन्या दुरुस्त्या, कुठली भिंत पाडली, गच्चीवर जादा टाकी चढली का. नकाशे नसतील तर एक-दोन ठिकाणी फोडून सांगाडा आरसीसीचाच (सळ्या घातलेल्या काँक्रीटचा) आहे ना, याची खात्री करा. आत लोखंडी जॉइस्ट (आडव्या तुळया) निघाले, तर हिशेबच वेगळा.

गळती पावसाळ्यात बघून ठेवा, टेस्ट पाऊस सरल्यावर करा. सुरुवात संडास-बाथरूमच्या खालच्या छतापासून आणि छज्जांच्या पोटापासून. सळईच्या रेषेतच लांब भेग गेली असेल तर आत गंज आहे. गंजलेलं लोखंड मूळच्या दोन ते सहा पट जागा मागतं आणि कव्हर (सळईवरचा काँक्रीटचा थर) उडवतं. बीमच्या टोकाशी तिरकी भेग दिसली तर टेस्ट राहू द्या, आधी टेकू लावा.

हातोडीने ठोकत जा. बद्द आवाज आला म्हणजे काँक्रीटच सुटलं असं नाही, बऱ्याचदा नुसतं प्लास्टर सुटलेलं असतं. ते काढून पुन्हा ठोका.

रिबाउंड हॅमर (पृष्ठभागावर आपटून उसळीवरून काँक्रीटची ताकद सांगणारं उपकरण) इथेच फसवतो. जुन्या काँक्रीटचा वरचा थर कार्बोनेशनने (हवेतल्या कार्बन डायऑक्साइडच्या परिणामाने) कडक होतो आणि ताकद प्रत्यक्षाहून ५० टक्क्यांपर्यंत जास्त दिसू शकते. म्हणून कार्बोनेशनची खोली मोजल्याशिवाय तो आकडा रिपोर्टात घालू नये. काँक्रीटचा कोपरा ताजा फोडा, धूळ ब्रशने झटका (पाण्याने धुऊ नका) आणि १ टक्का फिनॉल्फ्थलीन फवारा. गुलाबी झालं तिथे काँक्रीट अजून अल्कधर्मी, म्हणजे सळईला गंजापासून जपणारं; रंग आला नाही तिथे कार्बोनेशन झालेलं. बिनरंगी पट्टा ३० मिमी आणि कव्हर मीटरवर (सळई किती खोल आहे ते दाखवणारं उपकरण) कव्हर २० मिमी, म्हणजे सळईचं संरक्षण गेलं.

कार्बोनेशन कमी आणि तरी गंज, असं समुद्राकाठी हमखास सापडतं. मग क्लोराइड (सळई गंजवणारा मिठाचा अंश) तपासा. ड्रिलने वरची ५ मिमी पूड टाकून द्या, पुढे २०-२० मिमीच्या टप्प्यांनी वेगळे नमुने घ्या. आत जाताना प्रमाण घटत गेलं तर मीठ खाऱ्या वाऱ्याने आणलं. सगळीकडे सारखंच असेल तर ते बांधतानाच वाळूतून किंवा पाण्यातून आलेलं असण्याचा संभव. तिथे वरवरचं पॅचवर्क टिकत नाही.

हाफ-सेलला (सळईचा विद्युत दाब मोजून गंजाचा अंदाज देणारी टेस्ट) सळईशी थेट वायर जोडावी लागते आणि पृष्ठभाग ओलसर लागतो. ऑइलपेंटवरून घेतलेलं रीडिंग रद्दी. कॉपर सल्फेट इलेक्ट्रोडवर उणे ३५० मिलिव्होल्टपेक्षा जास्त ऋण आकडा आला तर तिथे गंज चालू असण्याची शक्यता ९० टक्क्यांहून अधिक.

कोअर (काँक्रीटमधून कापून काढलेला नळकांडीसारखा नमुना) शेवटी, तेही कमीत कमी तीन. आधी सळ्या शोधून खुणा करा. मुख्य सळई कापली तर तपासणीनेच नुकसान केलं. दर्शनी भागाच्या जुन्या ग्रिट प्लास्टरला हात लावू नका, तसा रंग आणि खडा पुन्हा जुळत नाही. कोअर जिन्यामागून किंवा डक्टच्या बाजूने घ्या आणि भोक त्याच दिवशी नॉन-श्रिंक ग्राउटने (सुकताना न आकसणाऱ्या मिश्रणाने) भरा.