विद्यापीठात गाडी लावताना

पदवी प्रमाणपत्राच्या कामासाठी विद्यापीठात आलेल्यांची दुचाकी घाईत कर्मचाऱ्यांच्या राखीव जागेत लागते आणि परत येईपर्यंत तिच्या चाकाला जॅमर बसलेला असतो.

१. प्रवेशद्वारावरच आपला विभाग सांगून अभ्यागतांचा वाहनतळ विचारून घ्यावा. इमारतीसमोर जागा रिकामी दिसली तरी तिथे थांबू नये.

२. गाडी लावल्यावर वाहनतळाचा फलक आणि नंबरप्लेट एकाच फोटोत घ्यावी, म्हणजे एकसारख्या झाडांच्या रांगांत गाडी चटकन सापडते आणि वाद झालाच तर वेळेसह पुरावा हाताशी राहतो.

पासासाठी आरसी (गाडीचे नोंदणी प्रमाणपत्र) मागितल्यास तिचा नुसता फोटो दाखवू नये. मोटार वाहन नियमांनुसार २०१८पासून डिजिलॉकर किंवा एमपरिवहन या सरकारी अ‍ॅपमधील प्रत मूळ कागदाइतकीच ग्राह्य आहे. ती घरूनच उतरवून न्यावी.