क्रॅपीसाठी रॉड: आधी जागा ठरवा, मग लांबी

क्रॅपी हा उत्तर अमेरिकेतल्या तळ्यांत आणि धरणांत मिळणारा गोड्या पाण्यातला मासा. पांढरा आणि काळा अशा त्याच्या दोन जाती आहेत. हाती लागणारे बरेचसे मासे अर्ध्या ते एक पाउंडाचे, म्हणजे अर्ध्या किलोच्या आतलेच असतात, त्यामुळे त्याला ओढायला ताकदीचा रॉड, म्हणजे गळाची काठी, लागत नाही. अडचण त्याच्या तोंडाची आहे. जबड्याभोवतीचा पडदा कागदासारखा पातळ असतो. ताठ रॉडने जोरात झटका दिला की गळ पडदा फाडून बाहेर येतो. दुसरी गोष्ट म्हणजे हा मासा बहुधा आमिष खालून वर येऊन उचलतो. अशा वेळी ओढ जाणवतच नाही, उलट ताणलेली लाइन, म्हणजे गळाची दोरी, अचानक सैल पडते. म्हणून रॉडचं टोक मऊ आणि बोलकं हवं, पण मुठीकडचा अर्धा भाग माशाला फांद्यांतून वर काढण्याइतका दमदार हवा. सगळाच रॉड लुळा असेल तर मासा फांदीला लाइनचे वेढे घालून बसतो.

लांबी ठरते ती तुम्ही कुठे आणि कशी मासेमारी करणार यावर. काठावरून किंवा होडीतून छोटी जिग, म्हणजे डोक्याशी वजन असलेला नकली आमिषाचा गळ, फेकून ओढायची असेल तर ६ ते ७ फुटांचा अल्ट्रालाइट किंवा लाइट, म्हणजे सगळ्यात कमी ताकदीचा, रॉड घ्या. मुठीच्या वर छापलेले आकडे वाचा. जिगसाठी १/३२ ते १/४ औंस आणि लाइनसाठी २ ते ६ पाउंड (लाइन तुटण्याआधी सोसते तो भार) असं काहीसं लिहिलेलं असेल तर तो कामाचा. क्रॅपीच्या जिग बहुतेक १/३२ ते १/८ औंसाच्या, म्हणजे साधारण १ ते साडेतीन ग्रॅमच्या असतात. ज्या रॉडवर किमान १/८ औंस लिहिलंय तो १/३२ ची जिग फेकताना वाकतच नाही आणि जिग चार हातांवर पडते. अशा वेळी लोक रिळाला दोष देतात, पण ते बिचारं ठीकच असतं.

पाण्यात उभी झाडं किंवा बुडवलेल्या फांद्यांचे ढीग असतील तर फेकण्यात अर्थ नाही, दर दुसऱ्या फेकीला गळ अडकेल. तिथे १० ते ११ फुटांचा जिगिंग रॉड लागतो. होडी लांब ठेवायची, टोक खोडाच्या अगदी वर न्यायचं आणि जिग सरळ खाली सोडायची. मासा लागला की रीळ फिरवत न बसता रॉड उचलूनच त्याला बाहेर काढायचं. या कामाला मुख्यतः टोकाजवळच वाकणारा, म्हणजे फास्ट अ‍ॅक्शनचा रॉड हवा. वसंतात पाणी १६ ते २० अंश सेल्सियसच्या आसपास पोचलं की क्रॅपी अंडी घालायला उथळ पाण्यात येतात. तेव्हाही हीच लांबी सोयीची, कारण होडी जवळ नेली तर ते बिचकतात.

लाकडी धक्क्यांच्या खाली सावलीत बसलेल्या माशांसाठी उलट ५ ते ६ फुटांचा आखूड रॉड लागतो. रिळावरची लाइन अडवणारी तार उघडून लाइन बोटाने दाबून धरायची, जिग चिमटीत धरून मागे ताणायची आणि वाकलेल्या रॉडच्या जोरावर ती धक्क्याखाली सोडायची. गळाचं अणकुचीदार टोक बोटापासून बाहेरच्या बाजूला ठेवा. इथे फार मऊ रॉड फसवतो: जिगला वेग मिळत नाही आणि ती आत न शिरता जवळच पाण्यावर आपटते.

होडीच्या नाकावर स्टँडमध्ये अनेक रॉड पसरून अगदी संथ चालायचं असेल तर १२ ते १६ फुटांचे, सगळे एकाच मॉडेलचे रॉड घ्या. वेगवेगळे असले तर कोणतं टोक माशाने हललं आणि कोणतं लाटेने, ते ओळखता येत नाही. मात्र माणशी किती रॉड चालतात याचे नियम राज्याराज्यांत वेगळे आहेत. मिनेसोटात मोकळ्या पाण्यात सर्वसाधारणपणे एकच चालतो. संच घेण्याआधी ते बघून घ्या.

साहित्याबद्दल थोडक्यात: हातात धरून जिगिंग करायचं तर कार्बनचा, म्हणजे ग्रॅफाइटचा रॉड. तो हलका असतो आणि हलकी चाहूलही हाताला लागते. क्रँकबेट, म्हणजे ओढल्यावर पाण्यात बुडून हलणारं माशाच्या आकाराचं नकली आमिष, मागे ओढत होडी चालवायची तर फायबरग्लास किंवा मिश्र रॉड. तिथे मासा चालत्या होडीच्या ओढीनेच गळाला लागतो आणि ताठ कार्बन त्याचं तोंड फाडतो.

दुकानात रॉड नुसता हलवून बघू नका. आपलं रीळ लावून बघा. छोट्या रॉडला ५०० किंवा १००० आकाराचं स्पिनिंग रीळ पुरतं. मूठ धरल्यावर टोक खाली झुकत असेल तर ११ फुटी रॉड तासाभरात मनगट दुखवतो. मग मुठीकडून डोळा लावून लाइन ज्यांतून जाते त्या सगळ्या कड्या एका रेषेत आहेत का पाहा. कानात घालायची कापसाची काडी प्रत्येक कडीतून फिरवा. कापसाचा धागा अडकला तर आत चीर आहे आणि ती ४ पाउंडाची लाइन हळूहळू कातरेल. तरंगी वापरणार असाल तर तिला अडवायला लाइनवर मारलेली गाठ टोकाच्या कडीतून सहज जाते का तेही तपासा. दोन तुकड्यांच्या रॉडचा जोड दाबून बसला पाहिजे, खुळखुळता कामा नये.

लाइन मोकळ्या पाण्यात ४ आणि फांद्यांत ६ ते ८ पाउंडांची मोनो, म्हणजे एकपदरी नायलॉनची, ठेवा. ब्रेड, म्हणजे विणलेली लाइन, जवळजवळ ताणली जात नाही, म्हणून तिच्यासोबत रॉड आणखी मऊ हवा आणि ड्रॅग, म्हणजे रिळाचा ब्रेक, सैल. माशाने आमिष टिपलं की मनगटाने हलकं उचलणं पुरे.

रॉड बहुतेक माशामुळे मोडत नाहीत. गळ फांदीत अडकल्यावर रॉड वाकवून ओढला, किंवा मासा होडीजवळ असताना रॉड पार उभा केला की टोक तुटतं. अडकलं तर रॉड लाइनच्या सरळ रेषेत धरा आणि लाइन कापडात गुंडाळून हाताने ओढा. पातळ तारेचा गळ असेल तर तो सरळ होऊन जिगसह सुटतो. नंतर पकडीने वाकवून परत वापरता येतो. कार्बनमधून वीज वाहते, म्हणून लांब रॉड विजेच्या तारांखालून आडवा न्या आणि आभाळ गडगडू लागलं की खाली ठेवा.