अ‍ॅबोरिजिनल मुलांच्या कानांची काळजी: समाजाला सोबत घेऊन काम कसे करावे

ऑस्ट्रेलियातील दुर्गम वस्त्यांमध्ये अ‍ॅबोरिजिनल, म्हणजे तेथील मूळ रहिवासी समाजाच्या, बाळांना मधल्या कानाचा संसर्ग पुष्कळदा जन्मानंतरच्या पहिल्या काही महिन्यांतच होतो, आणि तो नेहमी दुखतोच असे नाही. मूल रडू लागले की आई त्याला दवाखान्यात आणेल, या हिशेबावर उभारलेली सेवा म्हणूनच तेथे अपुरी पडते. एखाद्या समाजातील मुलांमध्ये जुनाट कान वाहण्याचे प्रमाण ४ टक्क्यांपेक्षा अधिक असेल, तर तातडीने पावले उचलावीत, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. यांतील अनेक वस्त्या ही मर्यादा कधीच ओलांडून गेल्या आहेत.

या कामावर नव्याने जाणाऱ्या आरोग्य कर्मचाऱ्याने तयार योजना घेऊन वस्तीत उतरू नये. समाजाने स्वतः चालवलेल्या आरोग्य सेवांची परंपरा सिडनीतील रेडफर्न येथे १९७१ साली सुरू झाली. आपल्या भागातील अशा सेवेकडे आधी जावे, आजवर काय करून झाले आणि कशाचा उपयोग झाला नाही, हे विचारावे, आणि उत्तर येईपर्यंतची शांतता आपल्या बोलण्याने भरू नये. वस्तीत मृत्यू झाला असेल, तर शोकविधी आटोपेपर्यंत भेट पुढे ढकलावी. अशा दिवसांत न आलेल्या कुटुंबापुढे ‘गैरहजर’ असा शेरा मारणे मला तरी अन्यायाचे वाटते.

तेथील अ‍ॅबोरिजिनल आरोग्य कार्यकर्तीला केवळ दुभाषी समजू नये. कान पाहण्याचे आणि पडद्याची हालचाल मोजण्याचे यंत्र तिच्या हाती द्यावे, आणि ही उपकरणे आपण निघून गेल्यावरही तेथेच राहतील अशी तजवीज करावी. कॅमेऱ्याच्या साह्याने मुलाच्या कानाचा पडदा आजीला स्क्रीनवर दाखवला, की छिद्र कुठे आहे हे समजावण्यासाठी फार शब्द लागत नाहीत. मूल आजी किंवा मावशीकडे वाढत असेल, तर उपचार तिलाच शिकवावेत.

वाहता कान कोरडा केल्याशिवाय औषधाचे थेंब आत पोहोचत नाहीत, आणि खरी मेहनत येथेच आहे. मऊ टिश्यू कागदाची टोकदार वात वळावी, ती जोर न लावता कानात सरकवावी, पू शोषला जाईपर्यंत थांबावे आणि बाहेर काढावी. वात कोरडी निघेपर्यंत प्रत्येक वेळी नवी वापरावी. त्यानंतर सांगितलेले थेंब घालून कानाच्या तोंडाशी असलेला छोटा उंचवटा बोटाने काही वेळा दाबावा, म्हणजे औषध आत उतरते. हे रोज आणि पुष्कळ दिवस करावे लागते. म्हणून घरातील माणसाने आपल्यासमोर एकदा स्वतः करून पाहिल्याखेरीज थेंबांची बाटली देऊन मोकळे होऊ नये.

दोन्ही कानांच्या पडद्यामागे चिकट द्रव तीन महिन्यांहून अधिक काळ टिकला, तर श्रवणतपासणी करून घ्यावी. तोपर्यंत मुलाच्या समोर बसून, त्याच्याकडे पाहत बोलावे, असे घरी व शाळेत सांगावे. ऐकू न येणारे मूल वर्गात हट्टी ठरते, हे शिक्षकांच्या कानी आधीच घालावे.

घरातील गर्दी, सिगारेटचा धूर आणि हात-तोंड धुण्याची अपुरी सोय यांमुळे संसर्ग पुन्हा पुन्हा होतो, पण त्याचा दोष आईच्या माथी मारू नये. नादुरुस्त नळाची तक्रार आरोग्य सेवेच्या मंडळामार्फत गृहनिर्माण खात्याकडे न्यावी. तपासणीचे आकडे वस्तीच्या मालकीचे असतात. ते बाहेर कोठेही पाठवण्याआधी त्याच मंडळापुढे ठेवावेत आणि पुढच्या फेरीची तारीख त्यांनाच ठरवू द्यावी.