सरकारजमा झालेला ट्रॅक्टर असा सोडवला : माझा अनुभव

आम्ही गडचिरोली जिल्ह्यातले. धानाचा हंगाम संपला की ट्रॅक्टर भाड्यानं देतो. अशाच एका खेपेत ट्रॉलीत सागवान सापडलं, व्यापाऱ्याचा वाहतूक पास बनावट निघाला आणि वन विभागानं ट्रॅक्टर जप्त केला.

चोरीच्या साध्या गुन्ह्यात गाडी न्यायदंडाधिकाऱ्याकडून सुपूर्दनाम्यावर, म्हणजे बोलावल्यावर गाडी हजर करायच्या लेखी हमीवर, सुटते. वनगुन्ह्याचं तसं नाही. भारतीय वन अधिनियम, 1927 मध्ये महाराष्ट्रानं घातलेल्या कलम 61-ए प्रमाणे वाहन सरकारजमा करायचा निर्णय वन विभागाचाच प्राधिकृत अधिकारी घेतो, खटला वेगळा चालतो. मात्र त्याआधी लेखी नोटीस द्यावीच लागते. सगळं बळ त्या नोटिशीच्या उत्तरात लावा. ‘मला माहीत नव्हतं’ एवढ्यानं भागत नाही. मालक, त्याचा माणूस आणि चालक, कुणालाच माहिती नव्हती आणि प्रत्येकानं योग्य खबरदारी घेतली, हे मालकालाच सिद्ध करावं लागतं. गरीब मालकावर हे ओझं फार जड आहे.

आम्ही भाड्याची चिठ्ठी, चालकाचं प्रतिज्ञापत्र आणि माल भरण्याआधी त्यानं मोबाइलवर काढलेला पासचा फोटो जोडला. तरी आदेश विरोधात गेला. फोटोचा त्यात उल्लेखही नव्हता. आदेश कळल्यापासून 30 दिवसांत सत्र न्यायालयात अपील करता येतं. तिथं आमच्या वकीलबाईंनी फोटोवरच भर दिला, चालकानं खबरदारी घेतली होती हे त्यातून दाखवलं आणि आदेश रद्द झाला.

ट्रॅक्टर परत ताब्यात घेताना बॅटरी, टायर तपासून पंचनाम्यात लिहून घ्या.