इंदूरहून शहीद द्वीपाच्या गावी : तिथी आणि भरती पाहून आखायचा प्रवास

इंदूरहून अंदमानला निघणारी बहुतेक कुटुंबे पाच-सहा दिवसांत जास्तीत जास्त ठिकाणे बसवण्याच्या हिशेबाने तिकिटे काढतात आणि त्या घाईत शहीद द्वीपाच्या वाट्याला दोन बोटींच्या मधले काही तास तेवढे येतात. सीतापूर, भरतपूर, लक्ष्मणपूर अशी नावे असलेल्या वस्त्यांचे हे लहानसे बेट निवांत पाहायचे असेल, तर तेथे किमान तीन रात्री मुक्काम करावा आणि त्या कोणत्या असाव्यात हे ठरवताना सुट्ट्यांच्या यादीबरोबर घरातले पंचांगही उघडावे, असे मी आग्रहाने सांगेन.

आरक्षणापूर्वी एक गोष्ट लक्षात ठेवावी. या बेटाचे नील हे नाव २०१८ मध्ये बदलून शहीद द्वीप झाले आणि २०२४ मध्ये पोर्ट ब्लेअरचे श्री विजयपुरम झाले. तिकिटांवर आणि लोकांच्या बोलण्यात दोन्ही नावे आढळतात, त्यामुळे गोंधळून जाऊ नये.

पंचांग लागते ते भरती-ओहोटीसाठी. अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास उधाण असते, म्हणजे भरतीला पाणी नेहमीपेक्षा वर चढते आणि ओहोटीला नेहमीपेक्षा दूर हटते. अष्टमीच्या सुमारास हा फरक सर्वांत कमी असतो. लक्ष्मणपूरच्या एका किनाऱ्यावर खडकाची नैसर्गिक कमान आहे. तिच्यापर्यंतची वाट ओहोटीलाच मोकळी होते आणि खडकांतल्या डबक्यांत अडकलेले मासे, खेकडे, समुद्रकाकड्याही तेव्हाच पाहायला मिळतात. म्हणून या कमानीसाठी जायचे असेल, तर अमावास्येच्या किंवा पौर्णिमेच्या मागचे-पुढचे दोन दिवस मुक्कामात येतील असे पाहावे. मात्र कोकणातल्या नातेवाइकांकडून ऐकलेला तिथीच्या पाऊणपटीचा हिशेब, म्हणजे तिथीच्या आकड्याची पाऊणपट करून भरतीची वेळ काढण्याची रीत, येथे लावू नये, कारण भरतीची घटका प्रत्येक किनाऱ्यावर वेगळी असते. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-ओहोटीच्या कोष्टकांत पोर्ट ब्लेअरच्या वेळा मिळतात. त्या पाहाव्यात आणि बेटावर पोहोचल्यावर यजमानांकडून खात्री करून घ्यावी. ही वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. ओहोटी संपण्याच्या तासभर आधी निघावे आणि पाणी वळताच परतीची वाट धरावी.

दिवसाचे वेळापत्रकही इंदूरच्या सवयीने चालणार नाही. जानेवारीत आपल्याकडे सातनंतर सूर्य उगवतो आणि सहाच्या सुमारास मावळतो. अंदमान बरेच पूर्वेला असूनही घड्याळ तेच असल्यामुळे तेथे पावणेसहाच्या सुमारास सूर्योदय आणि सव्वापाचच्या आसपास सूर्यास्त होतो. सकाळी आठला पोहे खाऊन बाहेर पडणाऱ्याची सीतापूरची पहाट हुकते आणि चार वाजता चहा घेत बसणाऱ्याचा लक्ष्मणपूरचा सूर्यास्त हुकतो. पहाटे पाचला उठणे आणि रात्री नऊला झोपणे हाच क्रम मुलांनाही लावावा.

ऋतूबद्दल फार विचार नको : जानेवारी ते एप्रिलचा मध्य हा काळ उत्तम. मे महिन्याच्या उत्तरार्धात नैऋत्य मोसमी पाऊस सुरू होतो आणि ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत परतीच्या पावसाबरोबर वादळांचीही शक्यता असते. दिवाळीच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी ही जोखीम समजून घ्यावी.

इंदूरहून जाताना सहसा कोलकाता, चेन्नई, बंगळूरु किंवा दिल्लीला विमान बदलावे लागते. आधी विमानाचे, मग बोटीचे आणि त्यानंतरच खोलीचे आरक्षण करावे, कारण बोटीची जागा मिळाली नाही तर खोलीचे पैसे अडकतात. सरकारी बोटी श्री विजयपुरमच्या फिनिक्स बे धक्क्यावरून सुटतात, त्यांचे भाडे कमी असते आणि प्रवासाला दोन तास किंवा थोडे अधिक लागतात; खासगी वेगवान बोटी एक ते दीड तासात पोहोचवतात, पण खवळलेल्या समुद्रात त्या अधिक हेलकावतात. बोट लागणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारून गोळी आधीच घ्यावी. प्रत्येकाचे मूळ ओळखपत्र हाताशी असावे. हवा बिघडली की बोटी रद्द होतात, म्हणून परतीच्या विमानाच्या आदली रात्र शहीद द्वीपावर कधीही काढू नये; ती श्री विजयपुरमलाच काढावी आणि त्या दिवशी सेल्युलर जेल पाहावे.

मुक्कामासाठी भरतपूरऐवजी लक्ष्मणपूर किंवा सीतापूर निवडावे, कारण भरतपूरचा किनारा धक्क्याला लागून असल्याने दिवसभराच्या फेरीला आलेल्यांची गर्दी तेथेच होते. बेटाच्या एका टोकापासून दुसरे टोक पाच-सहा किलोमीटरवर आहे, त्यामुळे भाड्याची सायकल पुरते. येथील बहुतेक कुटुंबे पूर्व बंगालमधून विस्थापित होऊन आलेल्या शेतकऱ्यांची आहेत आणि त्यांच्या मळ्यांतील भाजी श्री विजयपुरमच्या बाजारात जाते. शाकाहारी माणसाची जेवणाची अडचण होत नाही, फक्त मोहरीच्या तेलाची चव जिभेला लावून घ्यावी लागते. पुरेशी रोख रक्कम जवळ ठेवावी, मोबाइलवरून पैसे देण्याच्या भरवशावर राहू नये.

पाण्यात उतरताना मन आवरावे. अंदमानात खाऱ्या पाण्यातील मगरी आढळतात, म्हणून सूचनाफलक असलेल्या किनाऱ्यावर आणि खाडीच्या मुखाशी पोहू नये. ओहोटीला उघड्या पडलेल्या प्रवाळावर पाय देऊ नये. वाळूवरून किंवा निर्जीव खडकावरूनच चालावे. मेलेला दिसणारा प्रवाळाचा तुकडाही उचलू नये, कारण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने प्रवाळाला संरक्षण दिलेले आहे आणि विमानतळावर सामान तपासताना तो सापडल्यास कारवाई होऊ शकते.

इंदूरकरांना ओला आणि सुका कचरा वेगळा ठेवण्याची सवय आहेच. ती येथे मोडू नये. एवढ्याशा बेटावर प्लास्टिकची विल्हेवाट लावणे अवघड असते, म्हणून शेव-चिवड्याची रिकामी पाकिटे एका पिशवीत साठवावीत आणि ती पिशवी सामानात घालून इंदूरला परत आणावी.