ठाण्याहून ताजमध्ये एक रात्र: कसं जमवायचं

आईबाबांच्या लग्नाचा पन्नासावा वाढदिवस असो की आणखी काही, कुलाब्याच्या ताजमहाल पॅलेसमध्ये एकदा राहायचं, हे ठाण्यातल्या कितीतरी घरांत ठरलेलं असतं. जमवायचं असेल तर सुरुवात खोलीपासून करा.

बुकिंग करताना खोली कुठल्या इमारतीत आहे ते आधी बघा. शेजारचा उंच टॉवर १९७०च्या दशकातला. जुना पॅलेस जमशेटजी टाटांनी बांधवला आणि १६ डिसेंबर १९०३ रोजी तो सुरू झाला, म्हणजे समोरच्या गेटवेपेक्षा दोन दशकांनी थोरला. त्याचे एक आर्किटेक्ट आपले सीताराम खंडेराव वैद्य. टॉवरची खोली सहसा स्वस्त पडते, पण एकच रात्र असेल तर माझं ठाम मत पॅलेसच्या बाजूने. पैसे आपण त्या वास्तूसाठी मोजतोय. बजेट ताणलं जात असेल तर समुद्राचा व्ह्यू सोडा, पॅलेस सोडू नका.

दर तारखेप्रमाणे खूप बदलतात. डिसेंबर टाळा, पावसाळ्यातले दिवस बघा. साडेसात हजारांच्या वरच्या खोलीवर १८ टक्के जीएसटी लागतो, तो धरूनच हिशेब करा. नाश्ता धरलाय का, तेही विचारा. प्रत्येक मोठ्या माणसाचं मूळ ओळखपत्र लागेल. काही हॉटेलं स्थानिक पत्त्याच्या पाहुण्यांना खोली द्यायला कां-कूं करतात, म्हणून पत्ता ठाण्याचाच आहे, हे फोनवर आधीच सांगून ठेवा.

चेक-इन सहसा दुपारी दोनला असतं. बाराच्या सुमारास ठाण्याहून फास्ट लोकल पकडा, सीएसएमटीवरून टॅक्सी करा. दारात बॅगा तपासतात, म्हणून सामान आटोपशीर ठेवा.

एकदा आत गेलात की बाहेर भटकू नका. घुमटाखालचा जिना सावकाश चढा, प्रत्येक मजल्यावर थांबून वर बघा. राहणाऱ्या पाहुण्यांना वास्तू फिरवून दाखवतात. या फेरीची वेळ काय, ते हॉटेलात आल्याआल्या रिसेप्शनवर विचारून घ्या. पहिल्या महायुद्धात इथे ६०० खाटांचं इस्पितळ होतं. २६ नोव्हेंबर २००८च्या हल्ल्यात गेलेल्यांचं स्मारकही आतच आहे. तिथे थांबा, नावं वाचा, फोटो काढू नका. चहा सी लाउंजमध्ये घ्या, खिडकीजवळचं टेबल आधी सांगून ठेवा.

सकाळी नाश्त्याआधी स्विमिंग पूलकडे जा. मूळ प्रवेशद्वार याच बाजूला होतं, त्यामुळे इमारत पाठमोरी बांधली गेली ही दंतकथा मुलांना तिथेच उभं राहून खोडून दाखवता येते. चेक-आउट बाराला असतं. बिल मात्र अकरालाच मागवून ओळ न् ओळ तपासा.